चार वर्षांच्या हातात गिरमिट

परवा इथे जर्मनीत बालवाडीत आमच्या पोराच्या हातात गिरमिट दिलं. खायचं नव्हे. बेळगाव-हुबळीकडच्या वाचकांच्या तोंडाला पाणी सुटलं असेल तर आवरा. सुताराचं, मुठीत धरून फिरवायचं, टोकाला आटे असलेलं खरंखुरं गिरमिट. मी न्यायला गेले तर खिडकीतून दिसलं, साहेब जीभ बाहेर काढून भोक पाडताहेत आणि बाई शेजारी हाताची घडी घालून निवांत उभ्या. पोरगं चार वर्षांचं. बेळगावातल्या वडगावच्या घरात आईच्या शिवणाच्या कात्रीला हात लागला तरी पाठीत धपाटा बसायचा, अशा घरातली मी. दाराशीच थबकले.

स्टुटगार्टच्या आसपास सप्टेंबरच्या शेवटी रानचेस्टनटच्या झाडांखाली चॉकलेटी, पॉलिश केल्यासारख्या बियांचा सडा पडतो. खाता येत नाहीत, खायचं चेस्टनट वेगळ्या झाडाचं. पण इथल्या बालवाड्यांचा पानगळीचा सगळा अभ्यासक्रम या बियांवर चालतो. अंड्यांच्या रिकाम्या ट्रेत एका खळग्यात एक बी ठेवायची, हे झालं मोजणं. लहान-मोठ्या वेगळ्या करायच्या. झाडाचं पान पंजासारखं, पाच किंवा सात पानांचं, त्यावर बोटं ठेवून आपली किती आणि झाडाची किती ते बघायचं. आणि मग हे भोक पाडणं.

त्याची रीत मी नंतर नीट उभं राहून बघितली. बी ताजी असेपर्यंतच मऊ असते, वाळली की दगड, म्हणून गोळा केल्या केल्या हे काम उरकायचं. बी तळहातावर धरायची नाही, हा नियम कडक. लाकडी फळीला तिच्या मापाचा खळगा असतो, त्यात ती बसवायची, एका हाताने फळी दाबून धरायची आणि दुसऱ्याने गिरमिट फिरवायचं. आट्यांवरून पिवळसर भुसा वर यायला लागतो. त्या भोकात काडी खुपसली की पाय झाला. आमच्या पोराने चार पाय लावले, जनावर कलंडलं. परत उभं केलं, परत कलंडलं. माझा हात शिवशिवत होता, एक काडी तेवढी आत दाबली असती तर काम झालं असतं. बाईंनी नुसत्या नजरेने मला थांबवलं. शेवटी त्याने चिडून एक पाय उपटून फेकून दिला आणि तीन पायांवर ते जनावर टेचात उभं राहिलं! का राहिलं हे त्याला कुणी सांगितलं नाही. दुसरं जनावर त्याने मुळातच तीन पायांचं केलं.

‘लागलं तर?’ मी बाईंना विचारलंच. ‘तर पट्टी आहे,’ म्हणाल्या. विम्याच्या कागदाचीही आठवण करून दिली. जर्मनीत 1971 पासून बालवाडीतली मुलंसुद्धा कायद्याने अपघात विम्याखाली येतात. म्हणजे धाडसाची सोय सरकारने आधीच करून ठेवली आहे. आपल्याकडे बाईंनी असं काही हातात दिलं आणि बोट कापलं तर संध्याकाळी गल्ली गोळा होईल. आणि मीच पुढे असेन.

कौतुक पुरे. आता चिखलपँट. ही रबराची, छातीपर्यंत येणारी, खांद्याला पट्टे असलेली तुमान. पाऊस असो, गारठा असो, पोरं रोज बाहेर जाणार म्हणजे जाणारच. हवा वाईट नसते, कपडे चुकीचे असतात, हे वाक्य इथे इतक्या वेळा ऐकवतात की कुणी बोलायच्या आत मीच म्हणून टाकते. एक पँट बालवाडीत, एक घरी. शिवाय गमबूट, पावसाळी कोट, टोपी, हातमोजे, आणि प्रत्येकावर नाव. प्रत्येकावर म्हणजे डाव्या मोज्यावर वेगळं, उजव्यावर वेगळं. शुक्रवारी ही सगळी गाठोडी घरी येतात. पँट बाथरूममध्ये उभी केली तर उभी राहते, एवढा चिखल. मशीनमध्ये टाकली तर मशीन बिघडेल म्हणून आधी न्हाणीत घासायची, वाळवायला गच्ची नाही, रविवारी मशीन लावलं की आवाजाबद्दल खालच्या आजींची अतिशय सभ्य भाषेतली चिठ्ठी. आमच्याकडे पावसात पोरं भिजायची, आई परकराने डोकं पुसायची, चुलीपुढे बसवायची, विषय संपला. एवढा सरंजाम लागला नाही कधी. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे चार अंशाचा गारठा नसतो. नसतो, मान्य. पण एवढ्या सगळ्या तुकड्यांवर नावं घालून बघा, मग बोलू.

बाकीचं झटपट सांगते. पानाच्या शिरा वर करून त्यावर कागद ठेवायचा आणि आडवा मेणखडू फिरवायचा, की पान उमटतं. भोपळा पोखरून बिया मोजायच्या, तो पाण्यात बुडतो की तरंगतो ते आधी सांगायचं आणि मग टबात सोडून बघायचं. तरंगतो. पान पिवळं का पडतं याचंही इथे मुलांना खरं उत्तर देतात: दिवस लहान झाला की झाड पानातला हिरवा रंग मोडून काढतं, पिवळा आत आधीपासून असतोच, तो आता दिसतो. लाल मात्र बऱ्याच झाडांत नव्याने तयार होतो. अकरा नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस, त्यासाठी पोरं हाताने कंदील करतात आणि अंधारात गाणी म्हणत मिरवतात. त्या कंदिलाची चक्ती चीजच्या गोल डब्याची असते आणि कागदावर वाळकी पानं चिकटवलेली. आपल्या आकाशकंदिलापुढे अगदीच बेताचा दिसतो, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

हे सगळं व्हिडिओ कॉलवर अक्काला सांगत होते. अक्का बेळगावजवळ, कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं. ‘त्यात काय गे एवढं? आम्ही काय करालोय मग?’ तिच्याकडे एक खोली, एक मदतनीस, पोरांची वजनं, दूध, अंडी, गरोदर बायकांचं जेवण, रजिस्टरं कन्नडमध्ये आणि गाणी मराठीत. त्यातून वेळ काढून ती पोरांना झाडाखाली नेते. फणसाचं पान, आंब्याचं पान, सागाचं पान, वेगवेगळे ढीग. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो, हा प्रयोग बघून आमचं पोर फोनमध्येच शिरायला निघालं. चिंचोके मोजणं, भेंडीचे ठसे, नवरात्रात घटात पेरलेलं धान्य रोज किती वाढलं ते बोटाने मापणं. इथे याच गोष्टींची भिंतीवर तक्ता लावून, फोटो काढून, प्रत्येक मुलाच्या फाईलमध्ये नोंद होते. अक्काच्या रजिस्टरात वजनाला रकाना आहे, लाल हातांना नाही.

इथल्या रानातल्या बालवाड्यांचं कौतुक जगभर चालतं, तेव्हा मला हटकून आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला त्यांनी कुरणशाळा चालवली, गुरं राखणारी पोरं जिथे असतील तिथे शाळा नेली. दगड, पानं, बिया हेच साहित्य. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने 1840 मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं हे इथे प्रत्येक बाईला पाठ असतं. ताराबाईंचं नाव बेळगावातल्या किती नर्सऱ्यांत माहीत असेल? माझा भाचा, याच्याच वयाचा, एका इंग्रजी नर्सरीत एक ते शंभर लिहितो, रोज, वहीभर. त्याच्या आईला त्याचा अभिमान आहे आणि आमचं पोर दहाच्या पुढे अडखळतं याचं वाईटही वाटतं. मला वाटत नाही. म्हणजे, फारसं वाटत नाही.

पण दिवाळीच्या किल्ल्याची फुशारकी मारायला मी बाईंपुढे गेले आणि तिथे गाडी अडली. आमच्या गल्लीत लाल मातीचा, बेळगावजवळचा राजहंसगड व्हायचा, बुरूज, तटबंदी, पायथ्याला हळीव पेरून शेती. बाई उत्सुकतेने म्हणाल्या, ‘तीन-चार वर्षांची मुलं त्यात काय करतात?’ आता काय सांगू? ती लिंबूटिंबू. पाणी आणायचं, दगड वेचायचे, बुरुजाला हात लावला की दादालोकांनी हाकलायचं. बुरूज करायचा मान यायला पाचवी-सहावी उजाडायची. इथे चार वर्षांच्या मुलाला पूर्ण जनावर स्वतःचं करायला मिळतं, कलंडलं तरी त्याचंच.

तरीही मी माघार घेतलेली नाही. लिंबूटिंबू असण्यातच आम्ही सगळं शिकलो. माती किती ओली हवी, कुठला दगड तळाला जातो, हे कुणी शिकवलं नाही, हाकलून लावलेल्या अंतरावरून बघून कळलं. आणि इथल्या बालवाडीतही तीन ते सहा वर्षांची पोरं एकाच गटात असतात ती कशासाठी? धाकट्यांनी मोठ्यांकडे बघावं म्हणूनच ना! हे मी बाईंना ऐकवलं. त्या हसल्या, ‘पण आम्ही धाकट्यांना हाकलत नाही.’ बरं.

कधी कधी अक्का विचारते, पोराला इथेच ठेवणार का. तिला मी सांगते, आपल्याकडे 1956 साली बेळगाव कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) गेल्यापासून पोराला शाळेत घालणं म्हणजे भाषेची बाजू घेणं झालंय, निदान इथे मला कुणी घरात मराठी बोलू नका म्हणत नाही. उलट बालवाडीवाल्याच म्हणाल्या, तुमची भाषा पक्की असू द्या, जर्मन आम्ही बघतो. अक्का यावर काही बोलत नाही. तिच्या अंगणवाडीतली पोरं मराठी, कन्नड दोन्हीत भांडू शकतात, हे तिला माझ्यापुढे मांडायची गरजही वाटत नाही.

तर आता बालवाडीने मला दिवाळीच्या आठवड्यात किल्ला करायला बोलावलंय. सहा वर्षांवरची पोरं उपलब्ध नाहीत, तेव्हा बुरूज लिंबूटिंबूच करणार. माती त्यांच्याकडे रगड, चिखलपँटी आहेतच. हळिवाची चिंता होती, पण इथे क्रेस म्हणून विकतात ते हळीवच, पोरं ते कापसावर उगवतात आणि ब्रेडवर घालून खातात. मावळे तेवढे अक्काने बेळगावहून पाठवलेत. कुरिअरचा खर्च मावळ्यांच्या चौपट झाला, आणि त्यातल्या एका घोड्याला इथवर येता येता तीनच पाय उरले. तो आमच्या पोराने आधीच आपल्या ताब्यात घेतलाय.