निष्पर्ण झाड म्हणजे मरण?

आज जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या पडक्या बुरुजासमोर स्केचबुक घेऊन बसलो होतो. चर्चचं छत 1842 मध्ये कोसळलं, उरलाय तो जांभ्या दगडाचा हा उंच तुकडा. पडकी वास्तू म्हटलं की मला जर्मन चित्रकार कास्पर डेव्हिड फ्रीडरिश आठवतोच. 1809-10 च्या त्याच्या चित्रात मोडक्या मठाभोवती निष्पर्ण ओक उभे आहेत आणि खालून साधू शवपेटी नेताहेत. डच चित्रकार रायस्डालनेही दफनभूमीच्या चित्रात वठलेलं झाड घातलं, पण मागे इंद्रधनुष्यही काढलं. म्हणजे उघड्या फांद्या हे मरणाचं चिन्ह, असा युरोपातला हिशेब.

आपल्याकडे तो जमत नाही हो. इथे पडझड हिरवी असते: जांभ्यावर शेवाळ, भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप. त्याची मुळं दगड सुटे करतात, म्हणजे इथे मारेकरी झाडच जिवंत आहे! आणि निष्पर्ण म्हणाल तर चाफा. बोटांसारख्या जाड, बोथट फांद्या, त्यांवर गळलेल्या पानांचे गोल वण, तोडलं की पांढरा चीक. पानं नसतानाच टोकाला कळ्यांचा घोस धरतो. मूळचा अमेरिकेतला, पण देवळाच्या आवारातही दिसतो आणि सिमितेरीत, म्हणजे ख्रिस्ती दफनभूमीतही.

माडांबद्दल बोलायलाच नको, पोस्टकार्डांनी त्यांची पार वाट लावलीय.

शेवटी ओक विसरून चाफाच काढला, कोळशाने. चित्रकार मंडळी, वण दाखवायला खोडरबर वापरता की कागद कोरा सोडता?