डावी की उजवी?

वाहन रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालवावे, या प्रश्नाला निसर्गतः बरोबर असे उत्तर नाही. कायद्याने एक बाजू ठरवायची आणि सर्वांनी ती पाळायची, एवढेच त्याचे स्वरूप आहे, आणि म्हणूनच मला हा नियम इतर वाहतूक नियमांपेक्षा अधिक कुतूहलाचा वाटतो. रस्ते वाहतुकीविषयीच्या 1968 च्या व्हिएन्ना या आंतरराष्ट्रीय करारातही विशिष्ट बाजूचा आग्रह नाही. एका देशातील सर्व रस्त्यांवर बाजू एकच असावी, एवढीच अपेक्षा आहे.

स्वीडनचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. तेथे वाहने डावीकडून धावत, परंतु बहुतेक मोटारींचे स्टीअरिंगही डावीकडेच असे. परिणामी चालक रस्त्याच्या कडेला बसत असल्यामुळे पुढच्या वाहनाला ओलांडताना त्याला समोरून येणारी वाहने नीट दिसत नसत. 1955 च्या सार्वमतात लोकांनी बदल प्रचंड बहुमताने फेटाळला, तरीही 3 सप्टेंबर 1967 रोजी पहाटे 5 वाजता संपूर्ण देश उजवीकडे वळला. (लोकमत इतके स्पष्ट असताना सरकारने दाखवलेले धाडस आजही थक्क करते.)

प्रशांत महासागरातील सामोआ या बेटांच्या देशाने 2009 मध्ये नेमके उलट केले, म्हणजे वाहने उजवीकडून डावीकडे आणली; ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधून स्वस्त जुन्या मोटारी आणता याव्यात, हे त्यामागचे कारण. सुरक्षिततेपेक्षा बाजारभावाने बाजू ठरावी, हे मला प्रथम खटकले. पण स्टीअरिंग आणि रस्त्याची बाजू यांचा मेळ बसणे हीदेखील सुरक्षितताच आहे.