जिथे मिस्त्री परवडत नाही: अमेरिकेतलं होम डेपो

पुण्या-नाशकात नळ गळायला लागला की आपण प्लंबरला फोन लावतो. वॉशर तोच आणतो, जुना काढतो, नवा बसवतो आणि चहा पिऊन जातो. अमेरिकेत हाच प्लंबर नुसता दारात येण्याचे पैसे लावतो, आणि पंधरा मिनिटांच्या कामाचं बिल शंभर-दोनशे डॉलरवर सहज जातं. वस्तू स्वस्त, मजुरी महाग. त्यामुळे पान्हा शेवटी घरमालकाच्याच हातात येतो आणि शनिवारी सकाळी गाडी होम डेपोकडे, म्हणजे नारिंगी पाटीच्या घरदुरुस्ती-सामानाच्या दुकानाकडे वळते.

बर्नी मार्कस आणि आर्थर ब्लँक या दोघांना १९७८ मध्ये हँडी डॅन नावाच्या दुकान-साखळीतून काढून टाकलं गेलं. पुढच्याच वर्षी, २२ जून १९७९ रोजी, त्यांनी अटलांटात होम डेपोची पहिली दोन दुकानं उघडली. प्रत्येक दुकान सुमारे ६०,००० चौरस फुटांचं होतं आणि आत २५,००० प्रकारच्या वस्तू होत्या. एवढी जागा भरायला माल पुरेना, म्हणून वरच्या फळ्यांवर रिकामी खोकी रचून ठेवली होती. आज अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत मिळून २,३०० हून जास्त दुकानं आहेत. एकेक दुकान आतून लाखभर चौरस फुटांचं असतं, शिवाय बाहेर झाडांचा विभाग. २०२४ च्या आर्थिक वर्षातली विक्री सुमारे १५९ अब्ज डॉलर होती. लोज (Lowe’s) ही निळ्या पाटीची प्रतिस्पर्धी साखळी वयाने मोठी, १९२१ ची. पण गोदामासारखं दुकान, कमी भाव आणि शिकवणारा विक्रेता ही सांगड मार्कस-ब्लँक यांनी घातली.

यातला ‘शिकवणारा विक्रेता’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. ज्याने आयुष्यात कधी नळ उघडून पाहिला नाही त्याला तो नळ विकायचा, तर तो बसवायचा कसा हेही सांगावं लागतं. म्हणून सुरुवातीला नारिंगी एप्रन घातलेल्यांत सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन मुद्दाम घेतले जात. दुकानात शिरताना हे ध्यानात ठेवलं की अर्धं काम सोपं होतं. जुना भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यावा, मोबाइलवर फोटो आणि मापं असावीत. वस्तूचं इंग्रजी नाव माहीत नसलं तरी अडत नाही, भाग दाखवला की काम होतं. आपल्या शाखेत ती वस्तू कितव्या गल्लीत, कितव्या खणात आहे आणि किती नग शिल्लक आहेत, हे कंपनीचं अॅप सांगतं.

सगळ्यात जास्त वेळा लागणारी दुरुस्ती म्हणजे कमोडच्या टाकीतून सतत झिरपणारं पाणी. टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाकावेत आणि फ्लश न करता दहा मिनिटं थांबावं. खाली भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाची रबरी झडप, म्हणजे फ्लॅपर, गेलेली आहे. भिंतीजवळचा व्हॉल्व उजवीकडे फिरवून बंद करावा, फ्लश करून टाकी रिकामी करावी, मधल्या उभ्या नळीच्या दोन खुंट्यांवरून झडप सोडवावी आणि साखळी काढावी. आता तळाचं भोक मोजायचं. ते दोन इंचांचं असतं किंवा तीन इंचांचं, आणि चुकतं ते नेमकं इथेच: दोन इंची झडप तीन इंची भोकावर बसतच नाही. दुकानात फ्लॅपर दहा डॉलरच्या आसपास मिळतो. नवा बसवताना साखळीला साधारण अर्धा इंच ढिलाई द्यावी. साखळी जास्त लांब राहिली तर झडपेखाली अडकून पाणी गळतच राहतं, आखूड झाली तर झडप पूर्ण मिटत नाही. टाकीत क्लोरीनच्या गोळ्या टाकायची सवय असेल तर ती सोडावी, रबर त्यानेच लवकर खराब होतं.

दुसरा गोंधळ भिंतीचा. अमेरिकेतल्या घरांची आतली भिंत विटांची नसते. लाकडी खांबांवर, म्हणजे स्टडवर, अर्धा इंच जाडीची जिप्समची पाटी, म्हणजे ड्रायवॉल, ठोकलेली असते. त्यात नुसता खिळा मारून देव्हारा टांगला तर तो एक दिवस जिप्समच्या तुकड्यांसकट खाली येणार. स्टड बहुधा दर १६ इंचांवर असतात (काही घरांत २४). स्टड फाइंडर, म्हणजे भिंतीमागचा खांब हुडकणारं छोटं यंत्र, फिरवून दोन स्टड शोधावेत आणि अडीच इंची लाकडाचे स्क्रू त्यांच्यात घ्यावेत. स्विचच्या सरळ वर किंवा खाली मात्र भोक पाडू नये, वायर बहुतेक तिथूनच जाते. जिथे स्टड सापडत नाही तिथे अँकर, म्हणजे ड्रायवॉलमध्ये स्क्रू घट्ट धरून ठेवणारी खुंटी, लागतो. त्याच्या पाकिटावर वजनाची मर्यादा छापलेली असते, आपण तिच्या चौथ्या हिश्शाइतकंच वजन धरून चालावं.

लाकडाची मापंही नवख्याला फसवतात. ‘टू बाय फोर’ म्हणून विकली जाणारी पट्टी प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच भरते. नावातलं माप ओल्या, खरबरीत लाकडाचं असतं. वाळवून आणि रंधून झाल्यावर ते कमी होतं. ‘वन बाय सिक्स’ची फळी पाऊण इंच जाड आणि साडेपाच इंच रुंद असते. नावावर विसंबून कपाटाचा हिशेब मांडला की शेवटची फळी बसत नाही. पट्टी निवडताना एक टोक डोळ्याला लावून लांबवर पाहावं, वाकडेपणा लगेच दिसतो. अंगणातल्या कामाला औषध मारलेलं हिरवट लाकूड घेतात. त्यात तांबं असल्याने साधा स्क्रू गंजतो, म्हणून बाहेरच्या वापराचा गॅल्वनाइज्ड किंवा लेप दिलेलाच स्क्रू घ्यावा. मोठी प्लाय गाडीत मावत नसेल तर दुकानातल्या उभ्या करवतीवर सरळ कापून मिळते. बारीक जुळणीचं माप मात्र त्या करवतीवर सोपवू नये.

रंगाचं गणित त्यामानाने सरळ आहे. एक गॅलन, म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर, एका हातात साधारण ३५० ते ४०० चौरस फूट जातो. १२ बाय १२ ची, आठ फूट उंचीची खोली म्हणजे ३८४ चौरस फूट भिंत. दोन हातांना दोन गॅलन पुरतात. घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुना रंग पॉलिश पेपरने कोरडा घासू नये. घरांसाठीच्या रंगातल्या शिशावर अमेरिकेत त्याच वर्षी बंदी आली, त्यामुळे त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. आधी तपासणी करून घ्यावी.

वर्षातून एकदाच लागणारं यंत्र विकत घेऊ नये. फरशी कापायचं यंत्र, गालिचा धुण्याचं यंत्र, हिरवळीत भोकं पाडणारं यंत्र, हे सगळं चार तासांच्या किंवा दिवसाच्या भाड्याने मिळतं. अनामत ठेवावी लागते आणि यंत्र साफ करून परत न दिल्यास वेगळे पैसे लागतात. न वापरलेल्या बहुतेक वस्तू पावतीसह ९० दिवसांत परत घेतात. बारमाही झाडं, झुडपं वर्षभरात मेली तरी बदलून मिळतात, पावती तेवढी जपावी. भाड्याच्या घरात मात्र हातोडी उचलण्याआधी घरमालकाला लेखी विचारावं. स्वतःचं घर असलं तरी नवी वायरिंग किंवा पाइपलाइन टाकायला बहुतेक शहरांत परवाना लागतो, आणि तो टाळला तर घर विकताना अडचण येते.

कंपनीची मूल्यं आठ आहेत आणि ती एका चाकाच्या चित्रात दाखवतात. त्याहून बोलकं चित्र उलट्या पिरॅमिडचं: सगळ्यात वर ग्राहक, त्याखाली दुकानातला कर्मचारी आणि तळाशी मुख्य अधिकारी. या चित्राची कसोटी २००० ते २००७ या काळात लागली. जनरल इलेक्ट्रिकमधून आलेले रॉबर्ट नार्डेली प्रमुख झाले. त्यांनी खर्चाला शिस्त लावली, विक्री आणि नफा वाढवला, पण पूर्णवेळ जाणत्या माणसांऐवजी अर्धवेळ माणसं वाढली. गल्लीत विचारायला कोणी सापडेना आणि ग्राहकांच्या समाधानाचा आकडा घसरला. जानेवारी २००७ मध्ये निरोपाच्या मोबदल्याचे सुमारे २१ कोटी डॉलर घेऊन ते गेले. नंतर आलेल्या फ्रँक ब्लेक यांनी तो पिरॅमिड पुन्हा पुढे आणला आणि पैसा दुकानातल्या माणसांकडे वळवला. आमच्या मते कंपनीच्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं प्रकरण आहे, कारण इथे माहितगार माणूस हाच खरा माल असतो.

चीनमध्ये हेच उलट बाजूने दिसलं. तिथे २००६ मध्ये बारा दुकानं विकत घेऊन कंपनी उतरली आणि २०१२ मध्ये उरलेली सात मोठी दुकानं बंद करून बाहेर पडली. मजूर स्वस्तात मिळत असताना स्वतः फरशी कोण बसवणार? भारतातही आपण मिस्त्रीच बोलावतो. अमेरिकेतही सुमारे निम्मी विक्री आता कंत्राटदारांना होते. छप्पर, बाग आणि पोहण्याच्या तलावांची कामं करणाऱ्यांना माल पुरवणारी एसआरएस ही कंपनी २०२४ मध्ये १८.२५ अब्ज डॉलरला घेतली, ती याच ग्राहकांसाठी.

समाजकार्यासाठी २००२ मध्ये होम डेपो फाउंडेशन स्थापन झालं. माजी सैनिकांची घरं दुरुस्त करणं हे त्याचं मुख्य काम: चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधणं, दारं रुंद करणं, न्हाणीघरात धरायचे दांडे बसवणं. त्यात कर्मचारी स्वतः हातोडी घेऊन उतरतात. अडचणीत आलेल्या सहकाऱ्यांसाठी १९९९ पासून होमर फंड आहे. त्याच वर्षी पर्यावरणवाद्यांच्या मोठ्या आंदोलनानंतर, धोक्यात असलेल्या जंगलांमधलं लाकूड टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं धोरण कंपनीने जाहीर केलं. दबावाने का होईना, एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाने नकार दिला की लाकूड व्यापाराला ऐकावंच लागतं.

चक्रीवादळाचा इशारा आला की प्लायवूड, ताडपत्री आणि जनरेटर त्या भागाकडे आधीच रवाना होतात. खिडक्या झाकायला ५/८ इंची प्लाय घ्यावी आणि ती इशारा येण्याच्या आधीच कापून, प्रत्येक तुकड्यावर खिडकीचं नाव लिहून ठेवावी, कारण शेवटच्या दिवशी रांगेत उभं राहूनही ती मिळत नाही. जनरेटर गॅरेजमध्ये कधीही चालवू नये, दार उघडं असलं तरीही. तो घरापासून किमान वीस फूट लांब, धूर खिडक्यांपासून दूर जाईल असा ठेवावा, आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. तोही याच दुकानात मिळतो.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी मुलांची मोफत कार्यशाळा असते. आधी ऑनलाइन नोंदणी करावी, कारण संच मोजकेच असतात. लहानगा नारिंगी एप्रन घालून पक्ष्याचं घर किंवा छोटं खोकं ठोकतो आणि शेवटी छातीवर बिल्ला लावून घेतो. सोबत मोठं माणूस लागतं. भारतातून आलेल्या आजी-आजोबांनी खुशाल जावं. खिळा चिमट्याने धरून दिला की नातवंडाची बोटं वाचतात.