एईडी केबिनमध्ये, किल्ली साहेबांकडे

मासळीच्या कारखान्यात एईडी (हृदय अचानक बंद पडलं तर छातीवर विजेचा झटका देणारं मशीन) आलं की महागाची वस्तू म्हणून ते साहेबांच्या केबिनमध्ये जातं. रात्रपाळीला केबिनला कुलूप. हृदय अचानक बंद पडलं आणि कोणी काहीच केलं नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. किल्ली शोधण्यात चार मिनिटं गेली, तर हिशेब तुम्हीच करा. १०८ ला फोन लगेच लागला, तरी गाडी पावसातल्या वळणावळणांच्या रस्त्यानेच यायची. मशीन शेडबाहेरच्या कोरड्या पॅसेजमध्ये, बिनकुलपाच्या पेटीत ठेवा. झपझप जाऊन ते आणायला तीन मिनिटांच्या वर लागता कामा नयेत.

पहिली चूक मात्र मशीनपाशी होत नाही. कोसळल्यावर काही सेकंद हातपाय झटकले जाऊ शकतात, मग माणूस तोंड उघडून आचके देतो. लोक फीट समजून कांदा हुंगवतात, हातात किल्ल्या देतात (तेव्हा किल्ली बरी सापडते!). आचके म्हणजे श्वास नव्हे. हाकेला ओ नाही, श्वास नीट नाही, की दाब सुरू: छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर, ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२०. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांनी माणूस बदला; दमलेल्याचा दाब उथळ होतो आणि त्याला ते कळत नाही.

आता कोळंबीच्या शेडची खरी अडचण, पाणी. ओल्या छातीवर पॅड चिकटत नाहीत. माणसाला डबक्यातून ओढून बाजूला घ्या, छाती खसखसून पुसा. म्हणून पेटीत सुका टॉवेल, रबरी एप्रन कापेल अशी कात्री आणि छातीवरचे केस काढायला रेझर हवाच. सोलणीला बहुतेक बायका असतात. ब्लाउज कापायला हात धजत नाही. हे ट्रेनिंगमध्येच स्पष्ट बोलून घ्या. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली (गळ्यापासून खांद्याकडे जाणारं हाड), दुसरा डाव्या काखेखाली.

शॉक लागून पडला असेल तर आधी मेन स्विच बंद. बर्फाच्या कारखान्यात अमोनियाचा वास आला तर आत धावू नका.

मशीनवरचा हिरवा दिवा आठवड्यातून एकदा बघा, पॅडची मुदत रजिस्टरला लिहा. ड्रिल रात्री दोनला घ्या, आणि फाटकावरच्या वॉचमनला घेऊनच. १०८ च्या गाडीला वाट दाखवायला टॉर्च घेऊन रस्त्यावर त्यालाच उभं राहायचंय.