तुम्ही विचारलंत म्हणून: १९३४ च्या सिनेमात हे असलं चाललं कसं?

घरी कोणी आलं आणि गप्पा जुन्या सिनेमांवर गेल्या की मी 'मर्डर ॲट द व्हॅनिटीज' लावते आणि दर वेळी अर्ध्या तासाच्या आत तोच प्रश्न येतो, अगं हा खरंच १९३४ चा आहे का, आणि तेव्हा हे असलं, म्हणजे उघडी अंगं नि गांजावरचं गाणं, चालायचं? आता इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट लिहूनच टाकते.

चालायचं, पण फार थोडे दिवस. सिनेमात काय दाखवायचं नाही याची नियमावली, म्हणजे हेज कोड, हॉलिवूडने १९३० मध्येच मान्य केली होती, पण ती कागदावरच राहिली, कारण मंदी होती, थिएटरं ओस पडत होती आणि तिकीट खपवायला स्टुडिओंना थोडा चावटपणा हवाच होता. मग कॅथलिक संघटनांनी बहिष्काराची मोहीम काढली, जोसेफ ब्रीन नावाचा कडक माणूस कोडच्या ऑफिसात बसला आणि १ जुलै १९३४ पासून त्याच्या सर्टिफिकेटशिवाय सिनेमा लावणं बंद झालं. हा सिनेमा आला मे महिन्यात. म्हणजे जेमतेम दीड महिना आधी, दार बंद होता होता बाहेर सटकलेला!

गोष्ट अशी की ब्रॉडवेवर निर्माता अर्ल कॅरोलच्या 'व्हॅनिटीज' या रिव्ह्यूचा, म्हणजे नाच-गाणी-विनोदांच्या स्टेज शोचा, पहिला प्रयोग आहे, समोर हाऊसफुल्ल पब्लिक, आणि मागे विंगेत खून. शो थांबवायचा नाही म्हणून मॅनेजर झालेला जॅक ओकी धावतोय, पोलीस झालेला व्हिक्टर मॅकलॅग्लन चौकशी करता करता कोरसच्या पोरींकडे बघत उभा राहतोय, आणि मध्येच पडदा वर जातो नि गाणं सुरू. ज्यांनी नाटकाच्या तालमी, रंगपट, विंगेतली पळापळ जवळून बघितलीय त्यांना हे फार आवडेल, मला तरी त्यासाठीच आवडतो. दिग्दर्शक मिचेल लाइसेन आधी भव्य सिनेमे काढणाऱ्या सेसिल डी मिलकडे कपडे आणि सेट करायचा आणि ते दिसतं. एका गाण्यात समुद्राच्या लाटा आहेत, त्या लाटा म्हणजे जमिनीवर आडव्या झालेल्या मुली पिसांचे मोठे पंखे हलवतायत, एवढंच. तरी समुद्र वाटतो.

आणि मग ते गाणं, 'स्वीट मारिवाना'. गर्ट्रूड मायकेल चक्क गांजाला आळवतेय, माझा प्रियकर मला स्वप्नात तरी आणून दे म्हणून. मागे भलेमोठे निवडुंग, त्यांच्या फुलांत मुली बसल्यात, अंगावर जवळजवळ काही नाही, हातांनी स्वतःला झाकलेलं. त्यातल्या एकीच्या उघड्या अंगावर वरून रक्ताचा थेंब पडतो. वर कॅटवॉकवर, म्हणजे स्टेजच्या वरच्या अरुंद पुलावर, प्रेत आहे हे खाली कोणालाच माहीत नाही, गाणं तसंच चालू. नशा, नग्नता आणि खून एकाच शॉटमध्ये. दोन महिन्यांनी आला असता तर ब्रीनने यातलं काहीसुद्धा ठेवलं नसतं.

कोड कडकपणे लागू झाल्यावर अशा बऱ्याच सिनेमांना पुन्हा रिलीज करायची परवानगी मिळेना, काहींना कात्री लागली. पुढे १९५८ मध्ये पॅरामाउंटचे १९५० च्या आधीचे शेकडो सिनेमे एमसीए या मनोरंजन कंपनीने विकत घेतले, ते नंतर युनिव्हर्सलकडे गेले, म्हणून पॅरामाउंटचा हा सिनेमा युनिव्हर्सलच्या डीव्हीडीवर आला, २००९ च्या प्री-कोड, म्हणजे कोड लागू होण्याआधीच्या सिनेमांच्या, सेटमध्ये, सहा सिनेमे एकत्र. माझ्याकडे तोच सेट आहे. अशी खोकी काढणाऱ्या लोकांचे माझ्यावर उपकार आहेत असं मी मनापासून मानते, नाहीतर हे सगळं मी फक्त कुठेतरी वाचलं असतं.

पण एक सीन आहे ज्याच्या वेळी कोणीतरी म्हणतंच, हे फॉरवर्ड कर ना. फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी चालू आहे, जुन्या पोशाखातला गोरा ऑर्केस्ट्रा, आणि त्यात काळे वादक घुसून तीच धून जॅझमध्ये फिरवतात, मग थेट जॅझचा बादशहा ड्यूक एलिंग्टन पियानोवर! काय ताकद आहे त्या बँडमध्ये, हॉल उचलून धरतात अक्षरशः. आणि शेवटी चिडलेला कंडक्टर मशीनगन आणतो नि सगळ्यांना गोळ्या घालतो, ते धडाधड पडतात, आणि हा स्टेजवरचा विनोद आहे. त्याच आवाजाच्या आडून एक खरी गोळीही सुटते, म्हणजे कथेलाही तो सीन लागतोच.

मी फॉरवर्ड करत नाही. गांजाच्या गाण्याने जे शहारले त्यांच्या कोडमध्ये गोऱ्या-काळ्यांच्या शरीरसंबंधांवर बंदी होती, स्पष्ट शब्दांत लिहिलेली. काळ्या कलाकारांवर गोळ्या झाडून हसवण्याबद्दल मात्र त्यात एक ओळ नव्हती. म्हणून मी तो सीन पूर्ण चालू ठेवते आणि आवाज थोडा वाढवते, एलिंग्टनचा पियानो नीट ऐकू यावा म्हणून.