हॅम्बुर्गच्या ज्यू संशयवाद-बैठका: जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी वृत्तांत

ज्यू परंपरेतील शंकेचा स्वतंत्र अभ्यास व्हावा यासाठी हॅम्बुर्ग विद्यापीठात २०१५ साली मैमोनिडीस केंद्र स्थापन झाले. जुझेप्पे वेल्त्री यांच्या नेतृत्वाखाली आणि जर्मन संशोधन संस्थेच्या अनुदानावर उभ्या राहिलेल्या या केंद्राच्या बैठकांना हजर राहावे, एवढ्याच हेतूने मी तिकडे गेलो होतो. संशयवाद, म्हणजे खात्रीचे ज्ञान मिळते का याविषयी शंका घेणारी विचारसरणी, हा नास्तिकपणाच आहे अशी समजूत घेऊन जाणाऱ्याची तेथे पहिल्याच तासात निराशा होईल. केंद्राला ज्याचे नाव दिले आहे त्या बाराव्या शतकातील ज्यू विचारवंत मैमोनिडीसचेच उदाहरण पुरेसे आहे: जग अनादी आहे की निर्माण केलेले, याचा निर्णायक पुरावा दोन्ही बाजूंना देता येत नाही असे म्हणणारा हा तत्त्वज्ञ धर्मशास्त्राचाही अधिकारी पुरुष होता.

व्याख्याने व परिषदा इतरत्रही होतात. येथील खरा अनुभव म्हणजे ‘डायलेक्टिकल इव्हनिंग’ नावाच्या संध्याकाळच्या बैठका. एखादा उतारा समोर ठेवून त्यावर वाद घालायचा, आणि निष्कर्ष निघालाच पाहिजे असा आग्रह धरायचा नाही, अशी त्यांची रीत आहे. व्हेनिसचा रब्बी (ज्यू धर्मगुरू) सिमोने लुझात्तो याच्या १६५१ सालच्या ‘सोक्रातेस’ या इटालियन ग्रंथाची ओळख करून घेतल्याखेरीज मात्र जाऊ नये, कारण चर्चा पुन्हापुन्हा त्याच्याकडे वळते. त्यात अधिसत्तेने, म्हणजे प्रमाण मानलेल्या अधिकाराने, कैद केलेली बुद्धी सुटकेसाठी अर्ज करते, सॉक्रेटिसवर खटला चालतो, आणि अखेरीस न्यायसभा निर्णयच स्थगित ठेवते. ज्याच्या समाजाला व्हेनिसमध्ये गेट्टोच्या, म्हणजे ज्यूंसाठी नेमून दिलेल्या बंदिस्त वस्तीच्या, भिंतीआड राहावे लागत होते, अशा रब्बीने अधिसत्तेविषयी असे लिहावे, याचे मला परिषदेतल्या कोणत्याही निबंधापेक्षा अधिक आश्चर्य वाटले. मूळ इटालियन आणि इंग्रजी अनुवाद एकत्र देणारी आवृत्ती २०१९ साली निघाली आहे.

मुख्य रेल्वे स्थानकाहून डामटोर हे उपनगरी गाडीचे पुढचेच स्थानक असून तेथून विद्यापीठ पायी गाठता येते. जर्मन विद्यापीठांच्या पत्रिकेत वेळेपुढे ‘सी. टी.’ अशी अक्षरे असली तर कार्यक्रम छापलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होतो, हे लक्षात ठेवावे. अनुदानित केंद्रांचे कार्यक्रम मुदतीप्रमाणे बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी बैठका अजून चालू आहेत ना याची खात्री करून वेळापत्रक पाहावे, छोट्या बैठकांना आधी कळवून परवानगी घ्यावी, आणि शेंगेन व्हिसासाठी निमंत्रणपत्र वेळेत मागवावे.

एक दुपार विद्यापीठालगतच्या ग्रिंडेल भागासाठी राखून ठेवावी. १९०६ साली उघडलेले बोर्नप्लाट्स सिनेगॉग (ज्यू प्रार्थनामंदिर) १९३८ च्या नोव्हेंबरमधील नाझी हल्ल्यात उद्ध्वस्त झाले आणि पुढच्या वर्षी पाडले गेले. त्याच्या छताची रेखाकृती १९८८ साली चौकाच्या फरशीत दगडांनी उमटवण्यात आली. मौखिक धर्मशास्त्राला, म्हणजे रब्बींच्या परंपरेने आलेल्या नियमांना, आव्हान देणारा उरियेल दा कोस्ता याच शहरात राहत होता आणि १६१८ साली त्याला येथे बहिष्कृत करण्यात आले, हे बैठकीतील वाद ऐकताना ठाऊक असलेले बरे.

आल्टोना भागातील क्योनिगश्ट्रासे येथे १६११ पासूनचे ज्यू दफनस्थान आहे. पोर्तुगीज ज्यूंच्या शिळा आडव्या व कोरीव, तर अश्केनाझींच्या, म्हणजे मध्य व पूर्व युरोपीय ज्यूंच्या, उभ्या, असा फरक तेथे सहज दिसतो. शनिवारी आणि ज्यू सणांना ते बंद असते, इतर दिवशीही उघडे राहण्याच्या वेळा मर्यादित आहेत, आणि पुरुषांनी डोके झाकूनच आत जावे.