हेम्मडगा ते कणकुंबी: जंगलवाटांचे दोन दिवस

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलात असलेल्या भीमगडावर जायचं म्हणून ठरवलं होतं, गडावर गेलो नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे गडाच्या माहितीसाठी आलेल्यांचा वेळ जायला नको. खानापूरच्या जंगलात पायी फिरायचं मनात असेल त्यांना मात्र पुढचं उपयोगी पडेल.

जानेवारीतला शनिवार-रविवार होता. बेळगावातून आम्ही पाच जण, तीन दुचाकी. गडासाठी महिनाभर आधी चौकशी सुरू केली होती. तीन ठिकाणी विचारलं, तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली. एकाने "जावा की, कोण विचारतंय" म्हटलं, दुसऱ्याने बंद आहे म्हणून सांगितलं, तिसऱ्याने अर्ज ठेवून घेतला आणि त्याचं पुढे काही कळलं नाही. लेखी परवानगी हातात नाही म्हटल्यावर आम्ही गड सोडला. तुम्हीही सोडा. भीमगड हे २०११ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात शिरायला मुळातच बंदी असते. तिथे राहणारे, जमीनमालक, सरकारी रस्त्याने जाणारे यांना सूट. बाकीच्यांना कलम २८ खाली परवाना लागतो, आणि पर्यटन हे त्या कलमात परवान्याचं मान्य कारण आहे. म्हणजे परवाना मागणं हा आगाऊपणा नव्हे. नाही मिळाला तर चोरवाटेने शिरणं हा मात्र गुन्हा आहे.

पहिल्या दिवशी खानापूरवरून हेम्मडगा. पेट्रोल खानापुरातच भरून घ्या. रोख पैसेही जवळ असू द्या, कारण फोनची रेंज लवकरच सुटते. हेम्मडग्याला सरकारी निसर्ग शिबिर आहे. तिथे आधी ठरवून गेलात तर वाटाड्या मिळतो. आम्हाला मिळालेले दादा जंगलातल्याच एका गावचे, पन्नाशीचे. त्यांच्याबरोबर तीन तास चाललो आणि माझ्या लेखी सगळ्या सहलीत तेच तीन तास मोलाचे ठरले.

एका ठिकाणी दोन वाटा शेजारी शेजारी होत्या. एक जुनी, बाजारहाटाची. ती उताराला आडवी जाते, वळणं घेत चढते. मध्ये मध्ये जांभ्याचे दगड तिरके पुरलेत. दादा म्हणाले, "हे पाणी बाहेर काढायला. आज्ज्यानं घातलेलं हाय." दुसरी वाट गेल्या काही वर्षांत फिरायला येणाऱ्यांनी पाडलेली, सरळ टेकाडाच्या नाकावर चढणारी. ती वाट राहिलीच नव्हती, गुडघाभर खोल घळ झाली होती. इथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. सरळ उतरणाऱ्या वाटेवर पाणी वेग घेतं, वरची माती घेऊन जातं, मग माणसं घळीच्या कडेने चालतात आणि घळ रुंदावते. वाट आखणं हे शास्त्र आहे आणि ते या डोंगरात आधीपासून होतं, एवढं मला त्या दगडांपाशी पटलं.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात बसली आहे. सरकार प्रवेशाचे नियम करतं, वाटेचा विचार करत नाही. जानेवारी २०२४ मध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीत दक्षिण कर्नाटकातल्या कुमार पर्वतावर हजारोंची झुंबड उडाली. त्यावर कर्नाटकच्या वनखात्याने ऑनलाइन नोंदणी नसलेल्या ट्रेकवर बंदी आणली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'अरण्य विहार' हे संकेतस्थळ सुरू केलं. ओळखपत्र दाखवून नोंदणी आणि एका वाटेवर दिवसाला जास्तीत जास्त ३०० माणसं. गर्दी आवरायची म्हणून हे पाऊल चांगलंच आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण ३०० हा आकडा सगळ्या वाटांना सारखा कसा लागू पडेल? हेम्मडग्याकडच्या त्या जुन्या वाटेवर रोज ३०० माणसं सोडली तर एका हंगामात तिची घळ होईल. वाट किती रुंद, माती कसली, पाणी कुठे, शौचाची सोय काय, यावरून त्या त्या वाटेचा आकडा काढावा लागतो. आणि ते काढायला ती वाट वापरणारा माणूस जवळ लागतो.

वन्यजीव कायद्यात तशी जागाही आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा करताना, जिथे वनहक्क कायदा (जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मानणारा) लागू होतो तिथे, ग्रामसभेशी सल्लामसलत करणं कलम ३३ ने बंधनकारक केलं आहे. तळेवाडी, गवाळी, आमगाव, कृष्णापूर ही गावं जंगलातच आहेत. पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीत घालून ज्या वाटांनी बाहेर आणावं लागतं, त्याच वाटांवर आपण हौसेने चालतो. तळेवाडीची कुटुंबं आता भरपाई घेऊन बाहेर पडायला तयार झाली आहेत. तो त्यांचा निर्णय, त्यात मी बोलणार नाही. पण ती माणसं गेल्यावर पाणी काढायचे दगड कुठे पुरलेत हे कुणाला विचारणार? हे आत्ताच कागदावर यायला हवं, आणि त्यांच्यातल्या ज्यांना हवं त्यांना वाटाड्याचं काम मिळायला हवं.

याच जंगलातल्या बारापेडी गुहांबद्दल मात्र माझं मत सरळ आहे. तिकडे जाऊ नका आणि परवानगीही मागू नका. १९१३ मध्ये शास्त्रीय नोंद झालेलं रॉटनचं वटवाघूळ तिथे राहतं. जगात ते मोजक्याच ठिकाणी सापडतं. माणसांची वर्दळ आणि बॅटरीचा उजेड त्याला सोसत नाही. काही वाटा बंदच राहायला हव्यात. त्या का बंद आहेत, ते फलकावर लिहायला हवं.

फलकांचं निघालंच आहे तर सांगतो. धोक्याची सूचना कन्नडबरोबर मराठीतही असावी. इथल्या खेड्यांत मराठी बोलली जाते आणि फिरायला येणारे कोल्हापूर, सिंधुदुर्ग, गोव्याकडचे. अस्वलाचा वावर असल्याची सूचना वाचता आली नाही तर तिचा उपयोग काय?

दुसऱ्या दिवशी जांबोटीमार्गे कणकुंबी. इथे परवान्याची कटकट नाही, सरकारी रस्ता आहे आणि गोव्याला जाणाऱ्या एसटीही याच वाटेने जातात. हब्बनहट्टीला मलप्रभेच्या पात्राला लागून स्वयंभू मारुती आहे. पावसाळ्यात येणाऱ्यांनी एक खूण ध्यानात ठेवावी: मारुतीचं देऊळ पाण्याखाली गेलं असेल तर तिथूनच मागे फिरा, पुढचे ओढेही भरलेले असणार. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. इथलं पाणी पूर्वेला ३०४ किलोमीटर वाहत कूडलसंगमला कृष्णेला मिळतं, आणि याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्याकडे उतरते. देवळाच्या पायरीवर बसून हे नुसतं मनात आणलं तरी बरं वाटतं.

आता गोचिडीचं. डिसेंबर ते मे हा गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या माकडतापाचा हंगाम. शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरीत त्याने माणसं दगावली आहेत. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मोज्यात खोचलेली पॅन्ट घाला. पाचोळ्यावर बसू नका. आरोग्य केंद्रातून डेपा तेल (गोचिडी दूर ठेवणारं) मिळालं तर हातापायांना लावा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि काखा, कानामागे नीट पाहा. आठ-दहा दिवसांत ताप आलाच तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आपणहून सांगा. पहाटे आणि संध्याकाळी पायवाटेवर राहू नका, ती गव्यांची आणि अस्वलांची वेळ.

निघण्यापूर्वी 'अरण्य विहार'च्या यादीत आपली वाट आहे का ते त्याच आठवड्यात पाहा. नसेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि अर्जात वाटेचं नाव, गाव, माणसं किती, वाटाड्या कुठला हे स्पष्ट लिहा. आम्ही परत आल्यावर दुसरा अर्ज केला. त्या दोन वाटांचे फोटो जोडले, घळीची खोली मोजून लिहिली, आणि वाट दुरुस्त होताना दादांना बोलवावं असं मागितलं. पोच घेतली आहे.